एका विरहगीताची घडण



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी या गावातल्या दोन पिढ्यांना गाणं ऐकायला शिकवलं. नुसतं आवडलं म्हटलेलं त्यांना चालत नसे. कोणी लिहिलं, चाल कोणाची, मागे काय वाजतंय, ही जागा गायकाने इथेच का घेतली, असं ते एकामागून एक विचारत राहत. आज मी तेच प्रश्न एका परक्या मुलखातल्या गाण्याला विचारणार आहे. गाणं अमेरिकेतल्या कंट्री संगीतातलं. नाव 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे', गायक जॉर्ज जोन्स. एप्रिल 1980 मध्ये एपिक कंपनीने ते बाजारात आणलं आणि 5 जुलैला ते बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. कंट्रीतलं आजवरचं सर्वांत मोठं गाणं कोणतं, असा वाद तिकडे निघाला की हे नाव घेतल्याशिवाय तो संपत नाही.

हे गाणं निवडण्याचं कारण आधीच सांगतो. या गाण्याभोवती एक कथा रचली गेली आहे. दारूने पोखरलेला, बायको सोडून गेलेला गायक स्टुडिओत आला, त्याने आपलं काळीज उघडं केलं आणि एक अजरामर गाणं जन्माला आलं, अशी ती कथा. ऐकायला फार छान वाटते. पण गाणं प्रत्यक्षात कसं तयार झालं ते पाहिलं तर ती टिकत नाही, आणि मला तर ती अपायकारकही वाटते.

थोडी पार्श्वभूमी. 1927 च्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात राल्फ पीअर नावाचा माणूस ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन आला. डोंगराळ भागातले, खेड्यापाड्यांतले गाणारे लोक त्याने गोळा केले. त्यांत कार्टर कुटुंब होतं आणि रेल्वेत काम केलेला जिमी रॉजर्स होता. कंट्री संगीताच्या धंद्याची सुरुवात बहुतेक जण तिथून मोजतात. स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्यांची कथागीतं, काळ्या लोकांचे ब्लूज, चर्चमधली भजनं, असं सगळं त्यात मिसळलेलं होतं. पुढे त्यात हवाई बेटांवरून आलेली स्टील गिटार मिसळली. मांडीवर आडवी धरून तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायचं हे वाद्य आपल्याला अनोळखी नाही. व्हॅन शिप्ली यांनी मुंबईत याच गिटारवर हिंदी चित्रपटगीतं वाजवली आणि त्या तबकड्या घरोघर गेल्या. दोन सुरांच्या मधली जागा घसरत पार करणारा, मींडेच्या जवळ जाणारा तो आवाज आपल्या कानांना लगेच लागला. शिवाय गोव्यात, वसईला, वांद्र्याच्या जुन्या ख्रिस्ती घरांतून जिम रीव्ह्जच्या तबकड्या वाजत आल्याच आहेत. नाताळात तर अजूनही वाजतात. तेव्हा हे संगीत आपल्या कानांवरून कधीच गेलेलं नाही असं कोणी म्हणू नये.

या संगीतात विरह हा प्रधान विषय. त्यातही बायको किंवा प्रेयसी निघून गेलेला पुरुष. 1953 च्या पहिल्याच दिवशी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मेलेला हँक विल्यम्स हा या दुःखाचा मोठा गायक. जॉर्ज जोन्सने तरुणपणी ज्यांची गायकी गिरवली त्यांत रॉय एकफ, लेफ्टी फ्रिझेल आणि हा हँक विल्यम्स होते.

आता गाण्याकडे येतो. त्यातली ओळ मी म्हणून दाखवणार नाही, गोष्ट सांगतो. एका माणसाने एका बाईला सांगितलं होतं, मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन. ती म्हणाली, काळ जाईल तसा विसरशील. वर्षं गेली. तिचा फोटो त्याच्या भिंतीवर राहिला. ती परत येईल या आशेवर तो अर्धवेडा होऊन जगत राहिला. पलंगाशेजारी तिची 1962 सालची पत्रं होती आणि त्यांत जिथे जिथे तिने प्रेमाची कबुली दिली होती तिथे तिथे त्याने लाल रेघ ओढून ठेवली होती. हे सगळं सांगणारा त्याचा कोणी मित्र आहे. तो म्हणतो, आज मी त्याला पाहायला गेलो. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. चांगले कपडे घालून तो जायच्या तयारीत होता. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं.

इथे थोडं थांबू या. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला इथवर काय वाटतं? हा माणूस सावरला. नवे कपडे घालून कुठेतरी निघाला, हसतो आहे, बरं झालं. मग ध्रुवपदात शीर्षकाची ओळ येते: त्याने आज तिच्यावर प्रेम करणं थांबवलं. ऐकणारा मान डोलावतो. आणि लगेच पुढे दारावर टांगलेली फुलांची चक्राकार माळ येते. ख्रिस्ती घरात अशी माळ केव्हा लागते हे तिथल्या श्रोत्याला सांगावं लागत नाही. म्हणजे ते चांगले कपडे, ते कोरडे डोळे, ते हसू, सगळं शवपेटीतलं होतं. पहिल्या कडव्यात त्याने जे वचन दिलं होतं ते त्याने अक्षरशः पाळलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी प्रत्येक वाक्याचा अर्थ मागे जाऊन बदलावा लागतो. संपूर्ण गाण्यात तो मेला असं सरळ म्हणणारं वाक्य येत नाही. मरण शब्दाने येतं ते फक्त त्याच्या वचनात.

आणि हे सांगतो आहे तिसराच माणूस. आपल्याकडे ज्ञानदेवांच्या विरहिण्यांपासून भावगीतापर्यंत विरह ज्याचा तोच बोलतो. कंट्री गाण्यांतही बहुतेक असंच असतं. इथे ज्याचं दुःख आहे त्याच्या तोंडी एक वाक्य आहे, तेही फार पूर्वी उच्चारलेलं. बाकी सगळं जवळच्या माणसाने पाहिलेलं. त्यामुळे गाण्यात आक्रोश नाही, कीव भाकणं नाही. मित्र फक्त वस्तू दाखवतो. फोटो, पत्रं, लाल रेघा, माळ. मला या गाण्याची सगळी ताकद त्या लाल रेघांत दिसते. रेघ ओढायची म्हणजे पत्र पुन्हा वाचायचं, हातात पेन घ्यायचं, ओळ शोधायची. जुन्या पत्रांत ती ओळ सापडेल तितक्या वेळा हे सगळं करायचं. एका माणसाचं वर्षानुवर्षांचं एकटेपण त्या एका कृतीत आलं.

ही मांडणी आपोआप सुचलेली नाही. गाणं लिहिलं बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पटमन या दोघांनी. ब्रॅडॉक फ्लोरिडाचा, जन्म 1940 चा. पटमन अलाबामाचा, दहा वर्षांनी मोठा. पटमनचं नाव तुम्हाला माहीत नसलं तरी 'ग्रीन ग्रीन ग्रास ऑफ होम' हे त्याचं गाणं टॉम जोन्सच्या आवाजात तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. गंमत म्हणजे त्यातही शेवटी सगळा अर्थ उलटतो. गावी परतलेला वाटणारा माणूस तुरुंगाच्या कोठडीत जागा होतो. शेवटच्या क्षणी जमीन ओढून घेण्याची ही कला पटमनला 1965 पासून अवगत होती. 1974 साली पॉल मॅकार्टनी सहकुटुंब टेनेसीत येऊन राहिला तो याच पटमनच्या शेतावरच्या घरी. 'ज्युनियर्स फार्म' हे मॅकार्टनीचं गाणं त्या मुक्कामाची आठवण आहे. ब्रॅडॉक आणि पटमन या जोडीने टॅमी वाइनेट या गायिकेसाठी घटस्फोटावरचं एक गाजलेलं गाणं 1968 मध्येच दिलं होतं. लेकराला कळू नये म्हणून आई घटस्फोट हा शब्द एकेक अक्षर सुटं करून उच्चारते, अशी त्यात कल्पना होती. म्हणजे महत्त्वाची गोष्ट सरळ न बोलता कशी पोचवायची, यावर या दोघांचा हात बसलेला होता.

तरी हे गाणं लिहून झालं तेव्हा त्यांना फार विशेष काही केलं असं वाटलं नाही. ब्रॅडॉकने पुढे हे मोकळेपणाने सांगितलं आहे. जोन्सच्या आधी ते जॉनी रसेल या गायकाने गाऊन पाहिलं होतं. बीटल्सनी गायलेलं 'ॲक्ट नॅचरली' ज्या दोघांनी लिहिलं त्यांतला एक हा रसेल. त्याने गायलेलं ते मुद्रण कंपनीने बाहेर काढलंच नाही. म्हणजे जोन्सच्या घटस्फोटावर कोणी खास त्याच्यासाठी हे गाणं लिहिलं, हा समज पहिल्याच पायरीला निकाली निघतो. गाणं रचलं दोन व्यावसायिक गीतकारांनी, गायलं आधी दुसऱ्याने, आणि ते पडून राहिलं.

ते उचललं बिली शेरिलने. माझ्या मते या गोष्टीतला खरा नायक हाच. अलाबामातल्या फिल कॅम्पबेल नावाच्या छोट्या गावचा, फिरत्या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा. वडील प्रवचन करत तेव्हा हा पियानो वाजवायचा. पुढे नॅशव्हिलमध्ये एपिक कंपनीचा निर्माता झाला. टॅमी वाइनेटला त्याने उभं केलं आणि तिच्याबरोबर 'स्टँड बाय युअर मॅन' लिहिलं. कंट्री गाण्यामागे व्हायोलिनांचा मोठा ताफा आणि कोरस उभा करायचा, त्याला शहरी झिलई द्यायची, ही त्याची पद्धत. जुन्या वळणाच्या लोकांना ती अजिबात आवडत नसे. फिडल आणि स्टील गिटार ऐकत वाढलेल्या जोन्सलाही सुरुवातीला नव्हती आवडली.

शेरिलला या गाण्याची कल्पना पटली, रचना पटली नाही. त्याची तक्रार अगदी नेमकी होती. तुम्ही त्या माणसाला फार लवकर मारलंत, असं तो गीतकारांना म्हणे. त्याचं मरण वेगळ्या ठिकाणी आलं पाहिजे आणि मग ती बाई अंत्यविधीला आली पाहिजे. ब्रॅडॉक आणि पटमन पुन्हा बसले, पुन्हा लिहिलं. शेरिलने परत पाठवलं. पुन्हा लिहिलं. जोन्सने आपल्या आत्मचरित्रात सांगितलं आहे की या एका गाण्याच्या दुरुस्त्यांची इंचभर जाडीची वही शेरिलकडे जमली होती.

सव्वातीन मिनिटांचं गाणं, आणि त्यासाठी इंचभर जाडीची वही! मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. मृत्यूची बातमी पहिल्या कडव्याच्या शेवटी दिली असती तर दुसऱ्या कडव्यातली पत्रं ही मागे राहिलेल्या माणसाच्या सामानाची यादी झाली असती. आता ती जिवंत माणसाची पत्रं वाटतात, आणि ध्रुवपद आल्यावर एका क्षणात मेलेल्याची होतात. दु:खाचा पुरवठा गीतकारांकडे भरपूर होता. ते कुठे ठेवायचं हे ठरवायला वेळ लागला.

आता जोन्सकडे वळतो. जन्म 12 सप्टेंबर 1931, टेक्सासमधल्या साराटोगा गावी, लाकूडतोडीच्या जंगल भागात. घरची गरिबी. एक मुलगी लहानपणी गेली त्या धक्क्याने वडील दारूकडे वळले असं घरचे सांगत. रात्री पिऊन घरी आले की ते झोपलेल्या पोराला उठवून गायला लावत. नाही गायलं तर पट्टा. ज्या मुलाचं गाण्याशी पहिलं नातं असं जुळलं त्याने पुढे ब्यूमाँटच्या रस्त्यांवर गिटार घेऊन गायला सुरुवात केली आणि अनोळखी लोकांनी टाकलेली चिल्लर गोळा केली. 1955 मध्ये 'व्हाय बेबी व्हाय' गाजलं, 1959 मध्ये 'व्हाइट लाइटनिंग' पहिल्या क्रमांकावर गेलं, 1962 मध्ये 'शी थिंक्स आय स्टिल केअर' आलं. तेही विरहाचंच. आपल्याला तिची आठवण येत नाही हे पटवून देताना एक माणूस आठवणींची सगळी यादी वाचून टाकतो. जोन्सचा आवाज ऐकलेला माणूस विसरत नाही. जबडा फारसा न उघडता तो गातो. स्वर दातांच्या मागे धरून ठेवल्यासारखा वाटतो, मग एखाद्या शब्दावर तो खालून वर सरकत येतो आणि पोचण्याआधी एक हेलकावा घेतो. एकाच शब्दाच्या स्वरात तीन-चार सूर बसवण्याची ही रीत तिकडच्या गायकांना अजून पुरती साधलेली नाही.

1969 मध्ये त्याने टॅमी वाइनेटशी लग्न केलं. दोघंही मोठे गायक. त्यांचे संसार, भांडणं आणि युगुलगीतं यांवर अख्खा देश लक्ष ठेवून होता. 1975 मध्ये घटस्फोट झाला. त्यानंतरची पाच वर्षं भीषण होती. दारू होतीच, तिच्या जोडीला कोकेन आलं. कार्यक्रम ठरवायचा आणि जायचं नाही असं इतक्यांदा झालं की लोक त्याला 'नो शो जोन्स' म्हणू लागले. 1979 या एका वर्षात 54 कार्यक्रम चुकले असं नोंदलेलं आहे. खटले, कर्ज, दिवाळखोरी. त्याच्या बोलण्यात दोन वेगळीच माणसं शिरली होती, एक म्हातारा आणि एक बदक. ती दोघं एकमेकांशी भांडायची. बदकाच्या आवाजात तो घरी बोले, गाडीत बोले, आणि रंगमंचावरही बोलला आहे. 1979 च्या अखेरीस त्याला अलाबामातल्या मानसोपचार रुग्णालयात ठेवावं लागलं.

अशा माणसाकडून शेरिलला हे गाणं गाऊन घ्यायचं होतं. जोन्सला गाणं नको होतं. लांबलचक, उदास, मयताचं. हे कोण विकत घेणार, असं तो शेरिलला तोंडावर म्हणाला. गायला उभा राहिला की भलतीच चाल गायचा. क्रिस क्रिस्टॉफरसनचं 'हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट' त्याच्या डोक्यात बसलेलं होतं आणि या शब्दांना तो ती चाल लावायचा. शेरिल थांबवून सांगे, ही या गाण्याची चाल नाही. त्यावर जोन्सचं उत्तर, पण ही जास्त चांगली आहे. हा प्रसंग शेरिलने अनेकदा सांगितला आहे.

पण सगळ्यांत कठीण गेल्या त्या चार ओळी. गाण्याच्या मध्यावर चार ओळी गायच्या नाहीत, बोलायच्या आहेत. अंत्यदर्शनाला ती आली. येईल की नाही असं सगळ्यांच्या मनात होतं. आणि मित्राच्या डोक्यात एकच विचार घोळत राहिला, या वेळी मात्र हा तिच्यातून कायमचा बाहेर पडला. शेरिलने हट्टाने आणवलेली ती बाई ती हीच. गाण्यामध्ये असं साधं बोलणं घालायची कंट्रीत जुनी रीत आहे. हँक विल्यम्सने तर एक वेगळं नाव घेऊन नुसती बोललेली कथनं मुद्रित केली होती. लिहायला सोपं, पण जोन्सला ते बोलता येईना. पिऊन तर्र झालेला जोन्ससुद्धा सुरात गाऊ शके. गळ्याला इतकं पाठ झालेलं होतं की शुद्ध हरपत आली तरी सूर हरपत नसे. बोलताना मात्र जीभ अडखळायची, शब्द एकमेकांत मिसळायचे. गाण्याच्या आडोशाला उभं राहता येतं. बोलायला आडोसा नाही. पहिलं कडवं गाऊन झालं आणि ते चार ओळींचं बोलणं हाती लागलं, यांच्यामध्ये 18 महिने गेले, असं शेरिल सांगत असे. अखेर 1980 च्या सुरुवातीला एकदा तो पुरेसा शुद्धीवर असताना त्या ओळी नीट मुद्रित झाल्या. गोधडी शिवावी तसे टेपचे तुकडे शेरिलने जोडले.

वाद्यवृंदाची रचनाही कान देऊन ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही. गिटार आणि आवाज. मग हळूहळू एकेक वाद्य येऊन बसतं. ध्रुवपदात व्हायोलिनं वर वर चढत जातात. बोललेल्या ओळींच्या मागे एका स्त्रीचा उंच, बिनशब्दांचा आवाज येतो. तो मिली कर्कहॅम यांचा. एल्व्हिस प्रेस्लीच्या नाताळगीतांमागेही त्या गायल्या होत्या. ज्या बाईबद्दल मित्र बोलतो आहे ती गाण्यात एक शब्दही बोलत नाही. शेरिलने तिला हा बिनशब्दांचा आवाज दिला असं मी समजतो. एरवी मला त्याचा वाद्यांचा भडिमार नकोसा होतो. इथे तो वाया जाणारा एक सूरही वाजवू देत नाही.

मग काय झालं ते थोडक्यात. 1980 चा तो उन्हाळा 'अर्बन काउबॉय' या चित्रपटाचा होता. शहरातली पोरं टोपी-बूट घालून कंट्रीवर नाचू लागली होती. त्या धामधुमीत हे मयताचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. जोन्सला एकट्याच्या नावावर पहिला क्रमांक मिळाला तो 1975 नंतर थेट आता. कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार, जो गीतकारांना मिळतो, तो ब्रॅडॉक आणि पटमनला 1980 ला मिळाला आणि त्याच गाण्यासाठी 1981 ला पुन्हा मिळाला. जोन्सला ग्रॅमी मिळालं. जोन्सने पुढे कबूल केलं की आपली बुडालेली कारकीर्द या एका गाण्याने वाचवली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपायच्या ध्वनिमुद्रणांच्या 2008 च्या यादीत त्याचा समावेश केला.

आता त्या कथेविषयी. लोकांना हे गाणं टॅमीचं वाटलं आणि आजही वाटतं. ते का वाटावं हे मला समजतं. पण गाण्यातला माणूस आणि जोन्स यांत साम्य शोधायला गेलं तर फार काही हाती लागत नाही. तो माणूस एकीवरच थांबला. जोन्सची 1980 पर्यंत तीन लग्नं मोडलेली होती आणि टॅमीनेही पुन्हा लग्न केलेलं होतं. उलट त्याच वर्षी दोघांनी पुन्हा एकत्र युगुलगीतांची तबकडी काढली. टॅमी गेली 6 एप्रिल 1998 ला. जोन्सचा शेवटचा कार्यक्रम नॉक्सव्हिलला झाला तो 6 एप्रिल 2013 ला. योगायोग सांगणारे यातूनही अर्थ काढतात. मी काढणार नाही.

कथेचा दुसरा अर्धा भाग मला जास्त खुपतो. तो असा की प्यायला म्हणून इतकं गाऊ शकला. आपल्याकडे संगीत नाटकाच्या आणि तमाशाच्या दुनियेतल्या कलावंतांबद्दल असंच रंगवून बोललं जातं. व्यसनाने संपलेल्या माणसाचं गाणं त्याच्या व्यसनाच्या खात्यावर जमा केलं जातं. या गाण्याचा पुरावा पूर्ण उलट आहे. दारूने हे गाणं दीड वर्ष अडवून ठेवलं. चार साध्या ओळी तिने त्याला बोलू दिल्या नाहीत, आणि ज्या दिवशी तिची पकड जरा सैल झाली त्या दिवशी गाणं पुरं झालं. इथे सैगल यांची आठवण येणं अपरिहार्य आहे. घेतल्याशिवाय आपल्याला गाता येत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. 1946 च्या 'शाहजहान'च्या वेळी नौशाद यांनी आग्रह करून त्यांना न पिता एक गाणं गायला लावलं, मग पिऊनही गाऊ दिलं आणि दोन्ही मुद्रणं ऐकवली. सैगल यांना न पिता गायलेलं जास्त आवडलं. ही हकीगत नौशाद सांगत असत. जानेवारी 1947 मध्ये सैगल गेले, वय जेमतेम बेचाळीस. जोन्स वाचला. 1983 मध्ये नॅन्सी नावाच्या स्त्रीशी लग्न झाल्यावर तो बराच सावरला आणि 1999 च्या मोटार अपघातानंतर त्याने दारू कायमची सोडली. 26 एप्रिल 2013 ला नॅशव्हिलमध्ये वारला तेव्हा तो 81 वर्षांचा होता. म्हणजे या गाण्यानंतर तेहतीस वर्षं तो ते गात राहिला, आणि त्यांतली शेवटची चौदा वर्षं पूर्ण शुद्धीत. ग्रँड ओल ऑप्रीच्या सभागृहात त्याचा अंत्यविधी झाला तेव्हा ॲलन जॅक्सनने हेच गाणं गायलं.

जोन्सचं श्रेय मला कमी करायचं नाही. जॉनी रसेलला हेच शब्द मिळाले होते. त्यांचं गाणं झालं ते जोन्सच्या गळ्यात आल्यावर. लाल रेघांची ओळ तो ज्या निर्विकारपणे म्हणतो, आवाज जराही न थरथरवता, ती निवड त्याची आहे, आणि ती निवड करायला चाळीस वर्षांचा रियाज लागतो. ब्यूमाँटच्या रस्त्यावर चिल्लर गोळा करणारा पोरगा अनोळखी माणसाला थांबवून ठेवायला शिकला होता, ते इथे कामाला आलं. मी म्हणतो ते इतकंच की या गाण्यात चार माणसांचं काम आहे आणि चौघांनीही ते काम म्हणून केलं. पटमन 2016 मध्ये गेला. शेरिल त्याच्या आधीच्या वर्षी. ब्रॅडॉकची निवड कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये 2011 साली झाली. गाणं लागलं की ही तीन नावंही घ्यावीत अशी माझी तुम्हाला विनंती आहे.

संयोजकांनी ध्वनिक्षेपकावर गाणं लावायची सोय केली आहे. शब्द कळले नाहीत तरी हरकत नाही. गोष्ट आता तुम्हाला माहीत आहे. ध्रुवपद पहिल्यांदा येईल तेव्हा व्हायोलिनं ऐका. मग गाणं थांबून बोलणं सुरू होईल, त्या चार ओळी ऐका, दीड वर्षाने मिळालेल्या. बोलणं संपता संपता मागचा उंच आवाज येतो आणि जोन्स पुन्हा गाऊ लागतो. तिथे तो श्वास कुठे घेतो ते कोणाला पकडता आलं तर नंतर मला सांगा.